डबा गेला तरी सर्व्हर राहतो का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

गेल्या दोन महिन्यांत सर्व्हरबद्दल एवढे प्रश्न आलेत की हा अंक सगळा त्यालाच देतोय. नावं कुणाचीच छापत नाही, बऱ्याच जणांनी ऑफिसातली आतली माहिती मोकळेपणानं लिहिलीय, म्हणून गाव आणि धंदा तेवढा ठेवलाय.

प्रश्न (मशिनशॉप, गोकुळ शिरगाव): सर, आमचं मशिनशॉप हाय, कास्टिंग आणून मशिनिंग करून देतो. चार सर्व्हर हायत, चारी वेगवेगळ्या वेळी घेतलेले. टॅलीचा ३२ जीबी रॅमचा, ईआरपीचा ६४ चा, ड्रॉइंगच्या फाइलींचा १६ चा आणि अटेंडन्स-गेटपासचा १६ चा. वेंडर म्हणतोय हे सगळं काढा, ६४ जीबीची तीन सारखी मशीन घ्या, त्यांचा पूल (म्हणजे सामायिक साठा) करू आणि पूलमधनं लॉजिकल सर्व्हर काढून देतो. तीन मशीन जोडून एक मोठं मशीन होतंय का? चारचं काम तिनावर कसं भागणार? वडील म्हणतात चालू हाय ते कशाला मोडायचं.

उत्तर: तीन मशीन जोडून एक मोठं मशीन होत नाही, हे आधी पक्कं करून घ्या, पुढचा सगळा हिशेब त्यावरच आहे.

तुमच्याकडं शेती असेल तर पाणीपुरवठा संस्था माहीत असणारच. पूर्वी नदीवर ज्याची त्याची मोटर असायची, एकाची आठवड्यात दोन दिवस चालायची आणि पाच दिवस नुसती बसून असायची, शेजाऱ्याची जळली की त्याचा ऊस वाळायचा आणि बाजूला रिकामी मोटर दिसत असून त्याला उपयोग नसायचा. मग संस्था झाली, एक जॅकवेल, तीन मोटरी, वर एकच पाइपलाइन. आता मोटर कुणा एकाची नाही, पाळी तेवढी ज्याची त्याची, आणि ती पाळी म्हणजे पाळीपत्रकातली एक ओळ असते, कुणाला, किती तास, कुठल्या चेंबरमधनं. एक नंबरची मोटर बंद पडली तर पाटकरी दोन नंबर चालू करतो, पाणी पाजणाऱ्याला पत्तासुद्धा लागत नाही.

लॉजिकल सर्व्हर म्हणजे ती ओळ. हे मी नुसतं समजावायला म्हणत नाही, प्रॉक्समॉक्स (असे लॉजिकल सर्व्हर चालवणारं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर खरोखरच प्रत्येक सर्व्हरची एक छोटी टेक्स्ट फाइल असते, उघडून बघा एकदा. तुमच्या ईआरपीची असेल तर आत साधारण असं दिसेल, कोअर ८, मेमरी ४९१५२ (म्हणजे ४८ जीबी, तिथं एमबीत लिहितात), नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता (त्या कार्डाचा ओळख नंबर), डिस्क कुठल्या स्टोरेजवर आहे आणि केवढी आहे, बूट कुठल्या डिस्कवरनं करायचं. पंधरा-वीस ओळी, बास. विंडोज, डेटाबेस, तुमची दहा वर्षांची बिलं हे सगळं त्या डिस्कमध्ये, आणि ह्या सर्व्हरची अंगकाठी काय ते ह्या फाइलीत. ही फाइल आणि ती डिस्क ज्या मशीनला वाचता येते त्या मशीनवर तुमचा ईआरपी चालू होतो, मशीन कुठलं ह्याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

आता हिशेब. तुम्ही टास्क मॅनेजरचे फोटो पाठवलेत ते फार बरं केलंत. त्यात टॅली जास्तीत जास्त ९ जीबी खाते, ईआरपी ४१, फाइली ७ आणि अटेंडन्स ३. बेरीज ६०. विकत घेतलेली रॅम १२८. म्हणजे अर्ध्याहून जास्त रॅम आज नुसती बसून आहे, त्या पाच दिवस बंद असलेल्या मोटरीसारखी, आणि चारचं काम तिनावर भागतंय ते ह्याच्यामुळं. पण हे फोटो एकाच दिवसाचे आहेत. निदान महिनाभर मोजा, त्यात महिनाअखेर यायला पाहिजे आणि जीएसटीची ११ आणि २० तारीख यायला पाहिजे, कारण टॅलीवर खरा लोड तेव्हाच येतोय.

समजा हेच आकडे बरोबर निघाले आणि थोडं सैल धरून ईआरपीला ४८, टॅलीला १२, फाइलींना १२, अटेंडन्सला ४ दिले. झाले ७६. तीन मशीनची रॅम १९२, प्रत्येकावर ८ जीबी हायपरव्हायझरला (मशीन लॉजिकल सर्व्हरांना वाटून देणारं सॉफ्टवेअर) आणि स्टोरेजला सोडा, राहिले ५६ प्रमाणे १६८. त्यातलं एक मशीन कायम मेलेलंच आहे असं धरायचं, म्हणजे हातात ११२. त्यात ७६ बसतात, आणि ईआरपी एकावर ४८ आणि बाकीचे तिघं दुसऱ्यावर २८ असे वाटूनही बसतात. म्हणून वेंडरचा प्रस्ताव रॅमच्या बाबतीत बरोबर आहे असं मी म्हणतोय.

पण दोन वर्षांनी ईआरपीवाला आला आणि म्हणाला ६४ जीबी द्या, तर? ईआरपी सोडून बाकीच्यांचे २८ वजा केले तर पूलमध्ये १४० शिल्लक दिसतील, आणि तरीसुद्धा ६४ देता येणार नाहीत, कारण एका मशीनमध्ये ५६ च्या वर जागाच नाही. एक पाळी एका वेळी एकाच मोटरीवर चालते. स्क्रीनवर पूलची बेरीज मोठी दिसते आणि माणूस त्यावर विसंबतो, मी असे दोन सेटअप बघितलेत जिथं एकूण जागा भरपूर आणि मोठा सर्व्हर मात्र कुठंच बसत नाही. म्हणून मशीन घेताना रॅमचे स्लॉट रिकामे राहतील असं घ्या, १६-१६ च्या चार पट्ट्या भरून सगळे स्लॉट संपवण्यापेक्षा ३२ च्या दोन परवडल्या. सीपीयूचं एवढं टेन्शन नाही, कोअर वाटून घेता येतात, चौघं एकाच क्षणी पूर्ण जोर लावत नाहीत. रॅम मात्र रोख व्यवहार समजा, जेवढी आहे तेवढीच द्यायची, उधार नको.

डिस्कचं वेंडरला नीट विचारा. तो सेफ म्हणत असेल (सगळ्या मशीनच्या डिस्क मिळून एकच साठा करणारं सॉफ्टवेअर, इंग्रजीत सी-ई-पी-एच लिहितात) तर त्यात प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती तीन मशीनवर ठेवायची पद्धत आहे, म्हणजे ४ टीबी प्रमाणे १२ टीबी विकत घेतली की वापरायला ४ मिळणार, आणि तीसुद्धा काठोकाठ भरायची नाहीत. शिवाय त्याला तिन्ही मशीनमध्ये आपसात १० गिगाबिटचं वेगळं नेटवर्क लागतं, साध्या १ गिगाबिटच्या स्विचवर ईआरपी रडेल. तुमच्याएवढ्या धंद्याला मला दुसरा मार्ग जास्त पटतो, प्रत्येक मशीनवर झेडएफएस (डिस्कवर डेटा ठेवायची एक पद्धत) आणि दर १५ मिनिटांनी डिस्कची नक्कल दुसऱ्या मशीनवर. तोटा एवढाच की मशीन अचानक मेलं तर शेवटच्या १५ मिनिटांची एंट्री परत मारावी लागेल. गेटपास असेल तर चालतंय, बँकेत चालणार नाही.

अजून एक गल्लत बरेच जण करतात. मशीन ठीक असताना सर्व्हर एकावरनं दुसऱ्यावर हलवणं वेगळं, आणि मशीन मेल्यावर सर्व्हर दुसरीकडं उठणं वेगळं. पहिल्यात चालू सर्व्हरची मेमरी मागनं कॉपी होत राहते, कॉपी होईपर्यंत जी पानं (मेमरीचे छोटे तुकडे) बदलली ती परत कॉपी होतात, असं करत शेवटचं थोडंसं उरलं की क्षणभर थांबवून तिकडं चालू, ऑफिसातल्या माणसाला कळतही नाही. दुसऱ्यात मात्र वीज गेल्यावर कॉम्प्युटर परत लावल्यासारखं असतं, काही मिनिटं जातात, अर्धवट भरलेला व्हाउचर गेला तो गेला. वेंडरनं डेमोत पहिला प्रकार दाखवला असेल. तुम्ही त्याला म्हणा आता चालू मशीनची केबल ओढा, आणि घड्याळ लावून बसा.

मशीन तीनच का, दोन का नाहीत? दोघांतला एक गप्प झाला तर दुसऱ्याला कळत नाही की तो मेलाय की मधली वायर तुटलीय. दोघांनी आपापल्या परीनं तोच ईआरपी चालू केला तर डेटाची माती होते. तिसऱ्याचं मत लागतं, दोन विरुद्ध एक. तिसरं मशीन परवडत नसेल तर नुसतं मत द्यायला एखादा जुना छोटा पीसी चालतो.

आणि काही गोष्टी पूलमध्ये घालूच नका. डीएनसीचा जो पीसी सीरियल केबलनं सीएनसीला प्रोग्रॅम पाठवतो तो आहे तिथंच राहू दे. कॅडचं यूएसबी डोंगल (ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर चालू करणारी किल्ली) असेल तर ते एका मशीनच्या पाठीत खोचलेलं असतं, सर्व्हर हलला तरी डोंगल हलत नाही, त्याचं आधी बघा.

वडिलांना माझा नमस्कार सांगा, त्यांचं म्हणणं सोडून देण्यासारखं नाही. एका रात्रीत काही मोडू नका. आधी अटेंडन्स हलवा, महिना जाऊ दे, मग फाइली, मग टॅली, ईआरपी शेवटी. जुन्या चारातलं सगळ्यात धडधाकट मशीन विकू नका, त्याच्यावर बॅकअप ठेवा आणि ते वेगळ्या खोलीत ठेवा.

प्रश्न (पतसंस्था, शाहूपुरी): आम्ही गेल्या वर्षी सगळे सर्व्हर पूलवर घेतले. आता मशीन बंद पडायची भीती नाही असं सांगितलंय. पण आमच्या गल्लीत २०१९ ला आणि २०२१ ला दोन्ही वेळी पाणी आलं होतं. पुन्हा आलं तर?

उत्तर: तुमची तिन्ही मशीन एकाच कपाटात आहेत ना? मग पाण्याच्या दृष्टीनं ते एकच मशीन आहे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर शहरातल्या एका ऑफिसचा सर्व्हर सांभाळायला माझ्याकडं होता. तळमजला, टॉवर मशीन, फरशीवर लाकडी पाटावर ठेवलेलं. संध्याकाळी गटारीतनं पाणी उलटं यायला लागलं तेव्हा मी आणि तिथला शिपाई दोघंच होतो, लाइट गेलेली, मोबाईलच्या उजेडात चार डिस्क काढल्या, प्रत्येकीवर पेनानं नंबर लिहिला १ ते ४, दुधाच्या पिशवीत गुंडाळून वरच्या मजल्यावर नेल्या. मशीन जड होतं, नट काढायला वेळ नव्हता, ते राहिलं आणि बुडालं. मला वाटलं डिस्क वाचल्या म्हणजे सगळं वाचलं. पाणी उतरल्यावर त्या डिस्क नव्या मशीनमध्ये लावल्या तर त्यातलं रेड कार्ड (अनेक डिस्क एकत्र बांधणारं कार्ड) वेगळं, त्याला ह्या चार डिस्क म्हणजे चार कोऱ्या पाट्या. त्याच मॉडेलचं कार्ड पुण्यात मिळालं, पण महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली होता, कार्ड यायला दिवस गेले. कार्ड आलं, डिस्क दिसल्या, तर सॉफ्टवेअरचं लायसन्स जुन्या मदरबोर्डला बांधलेलं, ते चालू व्हायला अजून चार दिवस. तेवढे दिवस तिथल्या बायका हातानं पावत्या फाडत होत्या आणि रोज मला फोन करून विचारत होत्या, झालं का दादा. डेटा सगळा हातात होता, एक रुपयाची नोंद गेली नव्हती, आणि तरी सर्व्हर नव्हता. ते फोन मी विसरलेलो नाही.

हाच सर्व्हर आजच्यासारखा लॉजिकल असता तर त्याला कार्ड कुठलं, बोर्ड कुठला ह्याच्याशी काही नव्हतं, मॅक पत्ता त्याच्या फाइलीत, डिस्क एका फाइलीसारखी, भावाच्या लॅपटॉपवरसुद्धा हळूहळू का होईना उठला असता. तुमच्याकडं ही सोय आज आहे, फक्त ती कपाटाच्या बाहेर गेली पाहिजे. रोज रात्रीचा बॅकअप, सर्व्हरच्या नोंदीसकट, शहराबाहेर उंचावर एका ठिकाणी जाऊ दे, आणि तिथं एक साधं मशीन असं असू दे जे वेळ आली तर तुमचा मुख्य सर्व्हर एकटं चालवू शकेल. जागा निवडताना मधला रस्ता बघा. शिरोलीला ठेवलंत तर पूर आल्यावर पंचगंगा मध्ये येते, दोन्ही महापुरात ती बाजू तुटली होती. गोकुळ शिरगावच्या बाजूला शाखा असेल तर ती बरी. इंटरनेटनं रोज जात असेल तरी जागा अशीच बघा, कारण पुरात टॉवर आणि फायबर दोन्ही जातात आणि शेवटी माणसालाच गाडीवरनं जावं लागतं.

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, ही तुम्हाला मी सांगायला नको. मी आता माझ्या सगळ्या ऑफिसना लिहून दिलंय, ३९ ला सर्व्हर नीट शटडाउन करून शेवटची प्रत घ्यायची आणि काम दुसरीकडनं चालू करायचं, ४३ ची वाट बघायची नाही. चालू सर्व्हर न थांबवता हलवायचा जो प्रकार वर लिहिलाय तो एका खोलीतल्या नेटवर्कवर चांगला चालतो, पुराच्या दिवशी गावाबाहेरच्या लाइनवरनं तो करायला जाऊ नका.

आणि पावसाळ्याआधी आपल्याकडं कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बरगे दरवर्षी काढतात, पाणी किती येणार हे कळायची वाट न बघता काढतात. तसं मे महिन्यात एक रविवार ठरवा, त्या बाहेरच्या मशीनवर बॅकअपमधनं सर्व्हर उठवा, एका खातेदाराचं पासबुक छापून बघा, रक्कम शनिवारच्या रकमेशी जुळली का ते बघा. ज्या बॅकअपमधनं कधी काही उठवलेलंच नाही तो आहे असं मी धरत नाही.

प्रश्न (इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी, कसबा बावडा): आमचे सर म्हणाले लॉजिकल सर्व्हर म्हणजे व्हर्च्युअल मशीनचंच दुसरं नाव. पण पुस्तकात "फिजिकल आणि व्हर्च्युअल रिसोर्सेस" असं दिलंय. फिजिकल मशीन लॉजिकल कसं असेल?

उत्तर: चांगलं पकडलंस. व्हर्च्युअल मशीन, म्हणजे खऱ्या मशीनच्या पोटात सॉफ्टवेअरनं उभं केलेलं मशीन, हा लॉजिकल सर्व्हरचा एक प्रकार आहे, एकमेव नाही.

खऱ्या मशीनची ओळख कशात असते ते आधी बघ. नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता, स्टोरेजच्या कार्डाचा तसाच एक जागतिक नंबर, मशीनचा यूयूआयडी (मशीनचा स्वतःचा नंबर), बूट कुठनं करायचं, फर्मवेअरची सेटिंग. पूर्वी हे सगळं लोखंडाला चिकटलेलं असायचं. ब्लेड सर्व्हर (एका खोक्यात पाट्यांसारखे खोचायचे पातळ सर्व्हर) आले तेव्हा, एचपीच्या सी७००० खोक्यात १६ ब्लेड बसायचे, लोकांनी ही ओळख ब्लेडमधनं काढून खोक्याच्या कंट्रोलरमध्ये ठेवली. आत डिस्क नाही, बूट बाहेरच्या सॅनवरनं (नेटवर्कनं जोडलेला सामायिक डिस्कसाठा). मग तीन नंबरचा ब्लेड मेला की तीच ओळख नऊ नंबरला द्यायची, सॅनला आणि स्विचला वाटतं तोच जुना सर्व्हर आलाय. मध्ये हायपरव्हायझर नाहीच. एचपीनं २००८ मध्ये इन्साइट डायनॅमिक्समध्ये ह्यालाच लॉजिकल सर्व्हर म्हटलं, नोंद एकच, ती ब्लेडवर बसव नाहीतर व्हर्च्युअल मशीन म्हणून बसव. सिस्कोनं २००९ मध्ये यूसीएस आणलं, तिथं सर्व्हिस प्रोफाइल म्हणतात. म्हणजे सरांचं अर्धं बरोबर आहे, त्यांना हे दाखव, ते ऐकून घेतील.

आजही मोठा डेटाबेस किंवा जीपीयूचं काम असलं की सबंध मशीन एकालाच देतात, पण ते पूलमधनंच देतात आणि काम झालं की परत घेतात. आणि वर मी मशिनशॉपवाल्यांना जे सांगितलं की एका मशीनच्या रॅमच्या बाहेर जाता येत नाही, ती भिंतसुद्धा आता हलायला लागलीय. सीएक्सएल म्हणून एक जोडणी आहे, २०२० च्या तिच्या दुसऱ्या आवृत्तीत मेमरीचा वेगळा डबा ठेवून ती मशीनांना वाटून द्यायची सोय आली. आपल्या गावातल्या ऑफिसात ते यायला वेळ आहे, पण तू पास होऊन बाहेर पडशील तेव्हा तुला त्यावर काम मिळू शकतं, म्हणून आत्ताच वाचून ठेव.

कल्पना जुनी आहे बरं. आयबीएमनं १९६० च्या दशकातच एका मेनफ्रेमवर प्रत्येकाला स्वतःचं मशीन वाटेल असं करून दाखवलं होतं, १९७२ ला व्हीएम/३७० बाजारात आलं. साध्या पीसीच्या प्रोसेसरवर ते अवघड होतं, १९९९ मध्ये व्हीएमवेअरनं सॉफ्टवेअरच्या जोरावर जमवलं, मग २००५-०६ मध्ये इंटेल आणि एएमडीनं प्रोसेसरमध्येच सोय दिली आणि २००७ मध्ये केव्हीएम हा हायपरव्हायझर लिनक्सच्या कर्नलमध्ये (गाभ्यात) गेला. प्रॉक्समॉक्स त्याच केव्हीएमवर चालतं.

शिकायचं असेल तर क्लासला पैसे घालू नकोस. १६ जीबी रॅमचा जुना पीसी बघ, बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन बंद असतं बऱ्याचदा ते चालू कर, प्रॉक्समॉक्स टाक, त्याच्या पोटात अजून तीन छोटे प्रॉक्समॉक्स टाक आणि त्यांचा क्लस्टर (एकमेकांशी बोलणारा गट) कर. मग त्यातला एक मुद्दाम बंद पाड. काय होतंय ते वहीत वेळेसकट लिही. दुसरापण बंद पाड आणि तिसरा एकटा असताना काम करायला का नकार देतो ते बघ, वर दोन विरुद्ध एक लिहिलंय ते तुला तिथं डोळ्यानं दिसेल.

प्रश्न (सीए ऑफिस, राजारामपुरी): पूल केला की लायसन्सचा खर्च कमी होतो असं ऐकलंय. आमच्याकडं व्हीएमवेअर आणि विंडोज दोन्ही आहे.

उत्तर: मशीन कमी होतात, लायसन्स कमी होतीलच असं नाही, उलट वाढूही शकतात. विंडोज सर्व्हर स्टँडर्डचं लायसन्स मशीनच्या कोअरवर असतं, एका मशीनला कमीत कमी १६ कोअरचं घ्यावंच लागतं, आणि एकदा सगळे कोअर भरले की त्या मशीनवर दोन विंडोज व्हर्च्युअल मशीन चालवता येतात. आता पूलमध्ये तुमची दोन्ही विंडोज आज एक नंबरवर आणि उद्या दोन नंबरवर जाणार असतील तर दोन नंबरचंही लायसन्स लागतं. तीन मशीन असतील तर तिन्हीचं. कोटेशनमध्ये हे एकाच मशीनचं धरलेलं असतं आणि ऑडिटला लक्षात येतं, तुम्ही तर दुसऱ्यांचे ऑडिट करता, तुमच्याकडं असं निघायला नको. सोपा उपाय म्हणजे विंडोजचे सर्व्हर तीनातल्या दोनच मशीनवर फिरतील असं बांधून टाकायचं.

व्हीएमवेअरचं म्हणाल तर २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रॉडकॉमनं ती कंपनी घेतली आणि डिसेंबरपासून कायमची लायसन्स विकणं बंद केलं, आता वर्गणी, तीही कोअरवर आणि प्रत्येक प्रोसेसरला कमीत कमी १६ कोअर धरून. तुमचं जुनं कायमचं लायसन्स असेल तर ते चालतच राहील, सपोर्ट मिळणार नाही एवढंच. घाईनं काही बदलू नका. तुमच्या प्रत्येक मशीनमध्ये प्रोसेसर किती आणि प्रत्येक प्रोसेसरचे कोअर किती, हे पत्रात लिहिलेलं नाही. तेवढं कळवा, पुढच्या अंकात दोन्हीकडचा हिशेब घालून देतो.